गाडीचा खांदा

खेमसिंग आडेच्या पिकअपचा क्लच गेला तेव्हा मी त्याच्या बाजूच्या सीटवर होतो. श्रावणाचे शेवटचे दिवस होते. मागं हौद्यात वांगी, चवळीच्या शेंगा, अंबाडीच्या जुड्या आणि त्यांच्यामध्ये बसलेल्या तांड्यातल्या बाया. आमचं गाव आणि बंजाऱ्यांचा तांडा शेजारीशेजारी आहेत. डांबरी रस्ता नाल्याच्या पलीकडे. नाल्यातून वर चढताना इंजिन ओरडायला लागलं, गाडी मात्र जागच्या जागी. जळका वास सुटला. खेमसिंगनं ब्रेक दाबून धरला आणि मागं ओरडला, "चाकामागं दगड लावा वो!"

बायांनी उड्या टाकून दगड लावले. खेमसिंग उतरला, गाडीखाली वाकून पाहिलं आणि मला म्हणाला, "खांदा गेला हिचा."

तो क्लचला खांदाच म्हणतो. बैलाचा सगळा जोर जसा खांद्यातून जुवावर जातो, तसा इंजिनाचा सगळा जोर क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जातो. मी कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो आणि फिटर म्हणून निवृत्त झालो. क्लचचं याहून सरळ वर्णन मी तिथं कोणाकडून ऐकलं नव्हतं.

मागून बबलूची गाडी आली. बबलू बाजूच्या गावचा, तरणा पोरगा, गाडी नवी. काच खाली करून म्हणाला, "काय झालं काका? म्हातारीले सलाईन लावू का?"

खेमसिंग म्हणाला, "बाजाराच्या बाया घेऊन जाय पहिले. भाजी सुकते."

बायांनी भाजी या गाडीतून त्या गाडीत टाकली. बबलू निघून गेला. खेमसिंगची पिकअप तांड्यापर्यंत एका बैलजोडीनं ओढत नेली. संध्याकाळी बबलू परत येताना तिथूनच गेला. "काका, आता बैलाचंच लायसन काढून घ्या," म्हणाला. चार जण हसले. खेमसिंगही हसला. पण रात्री तो जेवला नाही, असं त्याच्या आईनं मला नंतर सांगितलं.

खेमसिंगला मी खाणीपासून ओळखतो. तो तेव्हा कोळशाचा ट्रक चालवायचा, वणी ते चंद्रपूर. त्याआधी ट्रकवर क्लीनर होता, त्याआधी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर. त्याचा एक गुण मी तेव्हाच हेरला होता. ताडपत्री बांधताना त्यानं दिलेली गाठ वाटेत कधी सैल झाली नाही, आणि उतरवताना कधी कापावी लागली नाही. मी विचारलं तर म्हणाला, "आमच्या लोकायचं कामच हे होतं. बैलावर गोण्या लादायच्या आन् मुलूख फिरायचा. गाठ सुटली तर माल गेला, गाठ कापली तर दोर गेला." त्यानं स्वतः कधी बैलावर गोणी लादली नव्हती. पण त्याच्या आजानं लादली होती, आणि गाठ त्याच्या हातात आली होती.

पुढं त्यानं ट्रक सोडला, घरची बैलजोडी विकली आणि जुनी पिकअप घेतली. तांड्यातल्या बाया नाल्याकाठी भाजीपाला लावतात. दर बाजाराला त्यांना वणीला न्यायचं आणि आणायचं, ही त्याची बांधलेली फेरी. बाकी दिवस खत, बियाणं, कोणाचं लग्नाचं सामान. घरात तो आणि त्याची आई लालीबाई, दोघंच. मुलगा भारत हैदराबादला नोकरीला, खेमसिंगची बायको नातू सांभाळायला तिकडेच. लालीबाईलाही नेलं होतं एकदा. पंधरवडाही राहिली नाही. म्हणाली, "तिथं आपल्या उंबऱ्याबाहेर पाय ठेवला का दुसऱ्याचा उंबरा लागते. बसावं कुठं?"

क्लच गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बबिता आली. बाजाराच्या बायांमध्ये तिचा शब्द चालतो. ती दारातच उभी राहिली.

"खेमसिंगभिया, राग नोको मानजो. पोळ्यानंतरच्या बाजारापर्यंत आम्ही वाट पाहतो. त्या दिवशी तुही गाडी उभी नसली त बबलूसंग बांधून घेऊ. तो सालाचं ठरवतो म्हणते."

"सालाचं म्हणजे पुढच्या पोळ्यापर्यंत?"

"हो. त्याच्यासाठीच त सांगाले आली."

बबिता गेली आणि भारतचा फोन आला. त्याला कोणीतरी कळवलं होतं. खेमसिंगनं फोन माझ्यासमोरच घेतला. भारत तिकडून म्हणत होता, "बापू, भंगारात द्या ते. आमच्या सोसायटीत वॉचमनची जागा हाय. मी सांगून ठेवतो. याडीलेही घेऊन या." बंजाऱ्यांमध्ये याडी म्हणजे आई, आणि भारत आजीलाही याडीच म्हणतो. खेमसिंग "हो, हो," म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर त्यानं दाराकडे पाहिलं. लालीबाई उंबऱ्यावर बसून शेंगा निवडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"फेरी गेली त गाडी कायले ठेवू?" खेमसिंग मला म्हणाला. "गाडी गेली त मी कायले ठेवू इथं मले? आन् मी गेलो त हिचं काय?"

वणीच्या मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, गाडी आणून टाका, पोळा झाल्यावर पाहतो, आधीच्या चार उभ्या आहेत. आणून कशी टाकणार? नाल्याच्या चढावावर काळ्या मातीचा चिखल. रिकामी गाडी ओढतानाही बैल गुडघ्यावर आले होते. वर न्यायची तर ट्रॅक्टर लागला असता, आणि तो स्वतःच रुतला असता.

"मंग इथंच खोलू," खेमसिंग म्हणाला.

मी म्हटलं, "क्लचची प्लेट बदलायची म्हणजे गिअरबॉक्स खाली घ्यावा लागते. धान्यानं भरल्या कट्ट्याएवढं, पोत्याएवढं वजन हाय. कट्टा पाठीवर घेता येते. हा छातीवर घ्यावा लागते, झोपून, डोक्याच्या वर. आमच्याकडे क्रेन होती."

"क्रेन नाही. तिवस हाय."

तिवसाचं लाकूड आमच्याकडे बैलगाडीला वापरतात. चिवट असतं, वाकतं पण तुटत नाही. त्याच्या जुन्या बैलगाडीचा एक लांब दांडा छपराला टांगलेला होता. बैल विकले, गाडी विकली, तो दांडा मात्र त्यानं ठेवला होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही लागलो. मुरमाच्या अंगणात त्यानं आधीच एक चर खणून ठेवला होता. माणूस उताणा पडून सरकेल एवढा रुंद, आणि बसला तर डोकं गाडीला लागणार नाही एवढा खोल. चिखल नको म्हणून एका टोकाला पाण्याला वाट काढली होती. चार जणांनी गाडी लोटून चरावर आणली. चाकांना दगड. बॅटरीची वायर मी काढली.

खोलणं हे काम घाईचं नाही. एकेक बोल्ट निघाला की तो कुठून निघाला ते पाहून ठेवायचं. आमच्याजवळ ट्रे नव्हता. लालीबाईनं शेणानं सारवलेलं सूप दिलं, आणि मी बोल्ट त्यात जसे गाडीत होते तसेच मांडले, पुढचे पुढं, मागचे मागं. मागच्या चाकांना फिरवणारा लांब शाफ्ट आधी निघाला. त्याचे बोल्ट गंजले होते. रॉकेल लावून थांबलो, चहा घेतला, परत लावलं. पान्याला लांबी कमी पडत होती तेव्हा हातपंपाच्या पाइपाचा तुकडा पान्यावर चढवला. हात लांब झाला की जोर निम्मा लागतो. हे कोणाला शिकवावं लागत नाही, पण पाइप कुठं पडला आहे ते माहीत असावं लागतं.

मग दांडा. केबिनच्या दोन्ही बाजूंना जमिनीत फाटेवाले खुंट रोवले, दोन्ही दारं उघडली आणि तिवसाचा दांडा केबिनमधून आरपार घालून खुंटांवर टेकवला. गिअरचा दांडा काढला की केबिनच्या तळाला हाताएवढं भोक राहतं. त्या भोकातून चऱ्हाट खाली सोडलं, गिअरबॉक्सखालून घेतलं आणि परत वर आणून दांड्याला बांधलं. दोराच्या दोन पदरांमध्ये एक काठी घातली. काठी फिरवली की दोराला पीळ बसतो, दोर आखूड होतो आणि वजन वर येतं. उलटी फिरवली की वजन खाली जातं. गोण्या आवळायची त्याच्या आजाची हीच रीत होती. मी खाणीत चाळीस टनी क्रेनखाली काम केलं आहे. त्या क्रेनचा ब्रेक कधीकधी घसरायचा. ही काठी कुठं घसरणार नव्हती, कारण तिच्या टोकाला आमचाच हात होता.

पण खेमसिंगनं दोर गिअरबॉक्सच्या बरोबर मधोमध घेतला.

मी म्हटलं, "पुढं घे. तोंडाकडे वजन जास्त हाय."

"दोन्ही बाजू सारख्या पाह्यजे भाऊ. नाही त कलते."

"लांबी सारखी केली म्हणून वजन सारखं होत नाही."

"आमच्या लोकायले लादणं शिकवता का आता?"

मी पाना लावला. शेवटचा बोल्ट निघाला, गिअरबॉक्स इंजिनापासून सुटला, तोंड खाली आपटलं आणि खेमसिंगच्या मनगटाला घासून गेलं. खाली सरकीची पोती रचली होती म्हणून हात वाचला. सरकी मऊ असते आणि वजन पडलं की त्याच आकाराची होते. खेमसिंग चरातूनच म्हणाला, "बैल दोन्ही बाजूनं सारखा असते. हा साला बैल नाही."

"मी काय सांगत होतो?"

"आता लय बोलू नोका. दोर सोडा."

काठी उलटी फिरवत गिअरबॉक्स पोत्यांवर उतरवला. मग वरच्या पोत्याची शिवण सोडली. सरकी थोडी थोडी बाहेर सांडली तसा गिअरबॉक्स हळूहळू आणखी खाली बसला, आणि चरातून ओढून बाहेर काढता आला. दुपार कलली होती. आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो. माझ्या खांद्यात कळ येत होती, त्याच्या मनगटावर हळद बांधली होती.

जुनी प्लेट पाहिली. झिजून पत्र्यापर्यंत आली होती. माझी मोटरसायकल घेऊन खेमसिंग वणीला गेला आणि दिवस मावळायच्या आत नवी प्लेट घेऊन आला. लालीबाईनं ती हातात घेतली, उलटीसुलटी केली. ताटाएवढी गोल, मध्ये दातेरी भोक, दोन्ही बाजूंना खरखरीत अस्तर.

"काँई छ ई?" तिनं विचारलं. हे काय आहे?

"हा गाडीचा खांदा याडी," खेमसिंग म्हणाला. "सारा जोर याच्यावरच येते. हा जाग्यावर त गाडी जाग्यावर."

लालीबाईनं प्लेट परत कागदात गुंडाळली आणि देवाजवळ ठेवली. मी घरी आलो.

ती खांदमळणीची संध्याकाळ होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना नाल्यावर धुतात आणि संध्याकाळी त्यांचे खांदे तूप-हळदीनं चोळून शेकतात. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टे पडलेले असतात. घरोघर हे चाललेलं असतं.

पोळ्याच्या सकाळी मी गेलो तेव्हा लालीबाई कुरकुरत होती, "पोळ्याच्या दिवशी बैलाले कामाले लावत नसतात."

"गाडी त उभीच हाय याडी," खेमसिंग म्हणाला. "कामाले आम्ही लागून राह्यलो."

नवी प्लेट बसवताना ती बरोबर मध्यभागी असावी लागते. केसभर सरकली तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जात नाही. त्यासाठी दुकानात एक हत्यार मिळतं. आमच्याकडे ते नव्हतं. खेमसिंगनं शाफ्टच्या टोकाची जाडी दोऱ्यानं मोजली होती आणि रात्री तिवसाचीच एक खुंटी कोरून ठेवली होती, टोकाला बारीक, मागं जाड. मी ती शाफ्टशेजारी धरून पाहिली. चांगली झाली होती. मी तसं म्हटलं नाही, फक्त परत दिली.

"प्लेटीला तेलकट हात लावू नको," मी सांगितलं. "अस्तराला तेल लागलं का ते धरत नाही. घसरते."

त्यानं साबणानं हात धुतले, दोनदा. प्लेट कागदातून काढताना फक्त मधल्या भोकात बोटं घालून धरली, अस्तराला हात लागूच दिला नाही. चरात अंधार होता. खुंटी घातली, प्लेट बसवली, वरची झाकणी बोल्टानं आवळली, खुंटी काढली.

या वेळी त्यानं न सांगता दोर पुढं घेतला. काठी मी फिरवत होतो, तो खालून गिअरबॉक्सला दिशा देत होता. गिअरबॉक्स वर आला, शाफ्ट आत गेला आणि दोन बोटं उरली असताना अडकला. खेमसिंग म्हणाला, "बोल्ट लावून ओढून घेऊ."

"नाही. बोल्टानं ओढलं त गिअरबॉक्सच्या कडेचा कान तुटते. गिअरमध्ये टाक आणि मागून शाफ्ट हळूच फिरव. दाते सापडू दे."

त्यानं फिरवलं. एकदा, परत एकदा. मग आतून टक् असा आवाज आला आणि गिअरबॉक्स स्वतःच इंजिनाला जाऊन चिकटला. असा आवाज मी खाणीत हजारदा ऐकला असेल. तरी बरं वाटलं.

पोळा फुटला तेव्हा आमचे बोल्ट आवळून होत होते. तांड्यातले बैल सजून चालले होते. खेमसिंगनं गाडी चालू केली, अंगणात पुढं घेतली, मागं घेतली. लालीबाईनं चाकावर नारळ फोडला. "चढावावर पाहू," मी म्हटलं.

चढावावर गाडी अर्ध्यावर गेली आणि इंजिन परत ओरडायला लागलं. चाकं मात्र ढिली. तोच प्रकार, नवी प्लेट असून. मी उडी टाकून दगड लावला. खेमसिंग स्टेअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिला. बाजार परवा होता.

घरी उतारानं आणि लोटत आणली. पोळ्याहून परतणाऱ्या लोकांनी पाहिलं. कोणी काही विचारलं नाही, ते जास्त लागलं असावं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, आम्ही उजाडताच परत खोलायला घेतलं. तेच बोल्ट, तीच सुपाची मांडणी, तीच काठी. एकदा केलेलं काम दुसऱ्यांदा अर्ध्या वेळात होतं. पण त्रास अर्धा होत नाही. कालची कळ आज दुखत असते. गिअरबॉक्स मागं सरकला, तोंड उघडं पडलं, आणि मला वास आला.

खेमसिंग चरात होता. तो थांबला. "भाऊ, वास येऊन राह्यला?"

"येऊन राह्यला."

"कायचा?"

तांड्यात देवापुढं निखाऱ्यावर तूप सोडून भोग लावतात. मी कितीदा तिथं प्रसाद खाल्ला आहे. तोच वास होता.

"तुपाचा," मी म्हटलं.

त्यानं प्लेट काढली आणि उजेडात आणली. अस्तर काळं चकचकीत झालं होतं. अस्तर ज्या खिळ्यांनी ठोकलेलं असतं त्यांच्या बारीक खळग्यांमध्ये पिवळं काहीतरी दाबून बसलं होतं. त्यानं नखानं उकरलं. हळद.

मला समजलं आणि त्याला माझ्याआधी समजलं. बैल विकल्यापासून त्या घरात खांदमळणी झाली नव्हती. दर वर्षी लालीबाई शेजाऱ्याच्या बैलाच्या खांद्याला बोट लावून येत असे. या वर्षी तिच्याच घरात, देवाजवळ, गाडीचा खांदा ठेवलेला होता. तो खांदा आहे असं तिला तिच्या लेकानंच सांगितलं होतं. तिनं दोन्ही बाजू तूप-हळदीनं चोळल्या, बैलाचा खांदा पुसतात तशा पदरानं पुसल्या आणि प्लेट परत कागदात गुंडाळली.

लालीबाई दारात दुसऱ्या सुपात डाळ निवडत बसली होती. खेमसिंगनं एक खिळा घेतला आणि खळग्यांमधली सगळी हळद कोरून काढली. एकही खळगा सोडला नाही. मग मला हळू आवाजात म्हणाला, "ग्रीसचे हात लागले म्हणजो."

"कोणाचे?"

"माहे."

"तू त साबणानं धुतले होते. मी पाह्यलं."

"म्हणजो ना भाऊ."

तेवढ्यात लालीबाईनं विचारलं, "काँई हुओ बेटा?"

"काही नाही याडी. माहे तेलकट हात लागले प्लेटीले. दुसरी आणतो."

लालीबाई सूप हातात घेऊन थोडा वेळ तशीच बसली. वारा आमच्याकडून दाराकडे होता. मग ती परत निवडायला लागली.

मी स्वतःच वणीला गेलो. पाडव्याला दुकान बंद होतं. दुकानदाराच्या घरी गेलो. त्याला मी खाणीपासून ओळखत होतो. तो म्हणाला, "परवाच त नेली एक. काय खाता का प्लेटी?" मी म्हटलं, "तशीच समज." परत आलो तेव्हा बबलू तिथं गाडी उभी करून पाहत होता.

"काका, तीस वर्षं गाडी चालवली आन् ग्रीसचा हात लावला? आमच्या गावचं लहान पोट्टंही लावत नाही."

"लागला बे," खेमसिंग चरातून म्हणाला. "माहीच चूक हाय."

"उद्या बाजार हाय. बाया मलेच फोन करून राह्यल्या."

"मंग उचल ना फोन. इथं काय करून राह्यला?"

बबलू गेला. मला बोलायचं होतं. खेमसिंगनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मी पाना उचलला.

या वेळी प्लेट घरात गेलीच नाही. माझ्या पिशवीतून सरळ त्याच्या हातात. दोर कुठं घ्यायचा तिथं गिअरबॉक्सवर मी चुन्यानं खूण केली होती. प्लेट जिच्यावर टेकते ती इंजिनाची चाकती रॉकेलनं आणि मग पेट्रोलनं पुसली, कोरडी होऊ दिली. खुंटी, प्लेट, झाकणी, काठीचा पीळ, आणि या वेळी पहिल्याच फिरवण्यात टक्. ऊन असतानाच शेवटचा बोल्ट आवळला. खुंट उपटले. तिवसाचा दांडा भिंतीला टेकवून ठेवला.

लालीबाई बाहेर आली. हातात वाटी होती, तूप-हळदीची. ती गाडीजवळ आली आणि थांबली.

"बेटा," तिनं विचारलं, "कुठं लावू?"

आदल्या वेळी तिनं विचारलं नव्हतं. खेमसिंगनं हात पुसले, भिंतीजवळ गेला आणि दांड्यावर, जिथं दोराचे वळ उमटले होते तिथं, तळहात ठेवला.

"इथं याडी. सारं वजन यानंच उचललं. दर वेळी."

तिनं तिथं चोळलं. अंगठ्यानं, गोल गोल, जिथं लाकूड दाबलं गेलं होतं तिथं जास्त. बैलाला चोळतात तसंच. तिला काय कळलं होतं आणि काय नाही, ते मी विचारलं नाही. खेमसिंगनंही विचारलं नसावं.

बाजाराच्या सकाळी मी त्याच्या बाजूला बसलो. तांड्याच्या तोंडाशी दोन्ही गाड्या उभ्या होत्या, त्याची आणि बबलूची. बायांनी टोपल्या मध्येच ठेवल्या होत्या. बबिता खेमसिंगच्या गाडीला एक चक्कर मारून आली, जणू टायर विकत घ्यायचे आहेत.

"चढते का भिया?"

"भरून पाह्य."

"चढली नाही त भाजी नाल्यात."

"चढली नाही त गाडीही नाल्यात. बस."

बबलू म्हणाला, "बबितामावशी, इचार कर. ग्रीसवाली गाडी हाय ते." सगळ्या बाया हसल्या. ते नाव अजून चालतं. कोणाच्या हातून काही सांडलं की तांड्यात म्हणतात, खेमसिंगचे हात लागले. तो ऐकून घेतो.

बबितानं तिची टोपली आधी चढवली. मग बाकीच्यांनी. गाडी भरली. बबलूनं हॉर्न वाजवला आणि मागं लागला, पाहायला.

नाल्यात उतरताना मला लालीबाई दिसली. ती आमच्या आधीच पायी येऊन चढावाच्या अर्ध्यावर, जिथं गाडी दोन्ही वेळा थांबली होती तिथं, कडेला उभी होती. दोन्ही हातांत मोठा दगड धरला होता, चाकामागं लावायला. त्या वयाला तो दगड जड होता. खेमसिंगनंही पाहिलं. त्यानं पहिला गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला.

गाडीनं भार घेतला. मला तो सीटखालून जाणवला. चिखल चाकांमागं उडाला, इंजिनाचा आवाज जाड झाला आणि आवाजाबरोबर गाडीही वर जात राहिली. लालीबाईच्या समोरून आम्ही गेलो. मागं बाया काहीतरी ओरडल्या. डांबरी रस्त्याला चाक लागलं तेव्हा मी बाजूच्या आरशात पाहिलं. लालीबाईनं दगड कडेला नीट ठेवला, फेकला नाही, आणि पदराला हात पुसत तांड्याकडे परत निघाली.